नवा कोबा केला आणि गायी लंगडायला लागल्या

कोयनाकाठ (६ जून)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज स्वतःचं रडगाणं घेऊन आलोय.

कऱ्हाडच्या बाजूला आमचा गोठा. १४ दुभत्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, शिवाय कालवडी. दोन वर्षांपूर्वी दावी सोडली आणि मुक्त संचार केला. उन्हाळाभर झकास चाललं. गायी सावलीला बसायच्या, मनाला येईल तेव्हा पाण्यावर जायच्या. पण जुलै लागला आणि अंगणाचा नुसता रेंदा झाला. ढोपरापर्यंत चिखल, कासा बरबटलेल्या, दोघींना दगडी (कासेचा दाह) झाली, त्यातल्या एकीचा एक सड कायमचा गेला. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाच्या आत सगळं अंगण पक्कं करायचं.

मार्चमध्ये केलं. गवंडी म्हणाला, गुळगुळीत ठेवू का खरखरीत? मी म्हटलं, खरखरीत, जनावर घसरायला नको. त्यानं ओल्या काँक्रीटवर चांगला दाबून खराटा मारला. दहा दिवस पाणी मारलं आणि गायी आत सोडल्या. बघायला येणारे म्हणायचे, काय देखणा गोठा केलाय!

मेच्या मध्याला पहिली गाय मागच्या पायानं दबकायला लागली. वाटलं खडा रुतला असेल. आठवड्यात तिघी, आज पाच. पाचांतल्या चार पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या. डॉक्टर आले, ताप नाही, लाळ्या-खुरकूत नाही. दुखण्याचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक झालं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. पाच जणींचं मिळून दिवसाला वीसेक लिटर दूध कमी झालंय.

शेवटी सांगलीकडून खूर साळणारा (तासून नीट करणारा) एक पोरगा बोलावला. त्यानं पहिली गाय खोड्यात घेतली, पाय वर बांधला, तळवा धुतला आणि अंगठ्यानं दाबला. तळवा पुठ्ठ्यासारखा आत गेला. पोरगं हत्यार खाली ठेवून म्हणालं, "काका, साळायला काय उरलंच नाही. तुमच्या कोब्यानं आधीच साळून ठेवलंय."

आता सांगा, काय करू? फोडून टाकू? रबर मॅट घालू? पाऊस तोंडावर आहे आणि कर्जाचा पहिला हप्ता जुलैत.

पुणेरी_वाचक

शेतीशी संबंध नाही, पण धागा वाचून अंगावर काटा आला. एक बाळबोध शंका: खूर म्हणजे नखच ना? आपण नख कापतो तेव्हा दुखत नाही, मग गायीला का दुखावं?

खिलार_आटपाडी

कोयनाकाठ, रागावू नका, पण ही सगळी एचएफची नाटकं हायती. आमच्या आज्याच्या गोठ्यात दगडी फरशी हुती, निम्मी उखडलेली. खिलार गाय त्यावर बसायची, उठायची, दिवसभर माळाला चरून यायची. काळं खूर, दगडावाणी. रबराची गादी घातलेली गाय मी तरी बघितली नाही. उद्या गादीवर उशी पण मागतील.

पशुवैद्य

आधी पुणेरी_वाचक यांची शंका. नख आपल्या बोटाच्या टोकाला असतं, आपण नखांवर उभे राहत नाही. गाय राहते. खुराच्या आत हाड आहे, हाडाखाली चरबीची पातळ गादी, तिच्याखाली जिवंत मांस आणि त्याच्याखाली मेलेल्या शिंगासारखा तळवा. या तळव्याची जाडी असते ५ ते ७ मिमी. पाच-साडेपाचशे किलोची गाय तेवढ्यावर उभी! तो झिजून ३ मिमीवर आला की ती अनवाणी डांबरी रस्त्यावर मेच्या दुपारी चाललीय असं समजा.

आता कोयनाकाठ. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पण खूर शिकलो ते नोकरीत, लाथा खाऊन. तुमच्या डॉक्टरांची फार चूक नाही, कारण लंगडणारं जनावर दिसलं की आपण आज काय झालं ते शोधतो. खुराचं शिंग महिन्याला साधारण ५ मिमी वाढतं. आत मांसाला मार बसला तर त्याची खूण तळव्याच्या पृष्ठभागावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुम्ही गायी मार्चअखेरीला कोब्यावर सोडल्या, मेच्या मध्याला लंगडल्या. हिशेब बरोबर जुळतो. मधल्या काळात तुम्ही कोब्याला विसरलात आणि खड्यावर संशय घेतलात.

मागच्याच पायाला का, आणि त्यातही बहुतेक बाहेरच्या नखीला (दुभंगलेल्या खुराच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला) का, हेही सांगतो. पुढचा पाय छातीला स्नायूंनी टांगलेला असतो, त्यामुळे हादरा गिळला जातो. मागचा पाय कमरेच्या सांध्यात घट्ट बसवलेला. गाय चालताना मागून डुलते, भरलेली कास पाय फाकवते, आणि भार बाहेरच्या नखीवर जातो. त्यात कळपातली थोरली गाय शिंग रोखून आली की पहिलारू जागच्या जागी गर्रकन वळते. मागच्या खुरावर फिरते ती, कानशीवर लाकूड घासावं तशी. तुमच्या पाचांत चार पहिलारू का आहेत, ते यातच आलं.

शिवाय नवं काँक्रीट चुन्यासारखं अल्कधर्मी असतं, वरच्या थरात सुटे टोकदार कण असतात. आणि पाणी मारलेलं, शेणामुताचं. ओला खूर मऊ पडतो आणि मऊ खूर जास्त वेगानं झिजतो, हे साळणाऱ्या कुणालाही विचारा.

आज करायचं ते असं: पाचही जणींना त्या कोब्यावरून हलवा. झाडाखाली, शेडच्या मागे, कुठेही, पण मातीवर. तुमच्याकडे उसाचं पाचट असेलच, त्याचा वीतभर थर द्या. चारा-पाणी तिथेच. ज्यांची एकच नखी दुखरी आहे त्यांच्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवून घ्या, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते. तळवा कुणालाही साळू देऊ नका. अँटिबायोटिक बंद. दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम, तेही डॉक्टरांच्या हातून. (अवांतर: डायक्लोफेनॅक कुणी देऊ केलं तर घेऊ नका. असं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, तरी खेड्यात कुठे कुठे माणसांचं औषध टोचतात.)

कोयनाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. पाचही जणी आंब्याखाली हलवल्या. बारकी पहिलारू पाचटावर जी बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी घाबरलो, बायको म्हणाली, "अहो झोपलीय ती, दोन महिन्यांची झोप काढतीय."

खिलार दादा, रागावलो नाही. पण खिलार दोन लिटर देते, ही बावीस देते. हप्ता कुणाच्या दुधावर फेडू?

पशुवैद्य

तुमच्या मंडळींचं निरीक्षण अगदी योग्य. धडधाकट दुभती गाय दिवसातले बाराएक तास आडवी असते. रवंथही बहुतेक तेव्हाच चालतं. जमीन टणक असली तर बसणं कमी होतं, उभं राहणं वाढतं, आणि बसण्यात वाचला असता तो भारही खुरांवरच येतो. जमीन तपासायची सोपी रीत: मध्यभागी उभं राहा आणि एकदम गुडघ्यांवर या. तुम्हाला धजवत नसेल तर गायीलाही धजवत नाही, कारण बसताना ती आधी गुडघेच टेकते.

वायकाटोकर

मी सोलापूरचा, गेली नऊ वर्षं न्यूझीलंडच्या वायकाटो भागात डेअरीवर काम करतोय. साडेचारशे गायी. इथे गोठाच नाही, वर्षभर कुरणात. दूध काढायला दिवसातून दोनदा शेडपर्यंत चालत आणतो, लांबच्या कुरणातून दोन किलोमीटर एका बाजूनं. म्हणजे आमच्या गायी काँक्रीटवर फार थोडा वेळ असतात, तरी लंगडतात. आमच्याकडे दोष वाटेचा.

इथल्या तारानाकी भागात नील चेस्टरटन नावाचे पशुवैद्य आहेत. त्यांनी १९८९ मध्ये कितीतरी डेअऱ्या धुंडाळून लंगडण्याची कारणं शोधली. दोन गोष्टी ठळक निघाल्या. पहिली, वाटेची निगा. दुसरी, गायी हाकणाऱ्या माणसाचा धीर! मी नवा होतो तेव्हा मोटरसायकल गायींच्या शेपटीला लावून हॉर्न मारायचो. मालकानं एक दिवस खाली उतरवलं आणि म्हणाला, आज चालत ये आणि त्यांची डोकी बघ.

बघितलं. आपल्या मनानं चालणारी गाय मान खाली घालून चालते, पुढचा पाय कुठे टाकायचा ते बघून टाकते, आणि मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात पडतो. म्हणजे तिनं एकदा बघितलं की दोन्ही पायांची सोय झाली. मागून रेटलं की पुढच्या गायीच्या पाठीवर आदळू नये म्हणून तिची मान वर जाते, वाट दिसेनाशी होते, आणि खूर मिळेल त्या दगडावर. तेव्हापासून मी पायी चालतो. वेळ दहा मिनिटं जास्त जातो.

इथे वाट बांधतात ती अशी: खाली दाबलेला भरडा, वर बारीक मऊ दगडाचा थर, आणि मधोमध उंचवटा म्हणजे पाणी दोन्ही कडांना जातं. वाट संपून काँक्रीट सुरू होतं तिथे वीतभर उंचीची आडवी कड बांधतात. गाय ती ओलांडताना खुरातले खडे अलीकडेच पडतात. ते खडे काँक्रीटवर आले तर खालचं टणक, वरची गाय जड, मधे खडा: सरळ तळव्यात. मातीवर तोच खडा मातीत दबला असता.

माचीवरची

वाचतेय, खूप नवीन कळलं. आमच्याकडे सहाच गायी, सगळं रत्नागिरीच्या बाजूचं. आमच्याकडे जमीन म्हणजे जांभा. गोठ्यातली फरशी पण जांभ्याची चिऱ्याची. पावसात शेवाळतो तो आणि उन्हाळ्यात कानस. सासूबाई दर दिवाळीला चिऱ्यांच्या कडा हातोडीनं ठेचून बोथट करून घ्यायच्या. मला वाटायचं, म्हातारीचा काहीतरी चाळा. आता कळतंय.

पण आमचा त्रास वेगळा. लंगडणं कमी, दोन नखींच्या बेचक्यात सडतं. जून ते सप्टेंबर खुरं वाळतच नाहीत. एकानं मोरचुदाचं पाणी सांगितलंय. प्रमाण किती आणि कितीदा?

पशुवैद्य

माचीवरची ताई, ५ टक्के. १०० लिटर पाण्याला ५ किलो मोरचूद. गाय त्यातून चालत जायला हवी, पाणी खुराच्या वर चार बोटं, आणि त्याआधी खूर साध्या पाण्यानं धुतलेले, नाहीतर शेण मोरचूद खाऊन टाकतं. सहा गायींना टाकी बांधू नका, घमेल्यात एकेक पाय बुडवला तरी चालेल. आठवड्यातून दोनदा पुरे. दोन काळज्या: ते पाणी कुणी पिऊ नये, विशेषतः मेंढ्या, त्यांना तांबं चटकन बाधतं. आणि वापरलेलं पाणी शेणखड्यात ओतू नका. तांबं जमिनीत साठत जातं, नासत नाही. फॉर्मेलीनही वापरतात, पण जखमेला आग होते आणि डोळ्या-नाकाला वाईट, घरच्या माणसांसाठी मी सुचवत नाही.

कोयनाकाठ, तुमच्या गायींना यातलं काही लागू नाही. मोरचूद जंतूंवर चालतं, झिजलेल्या तळव्यावर नाही.

निसर्गप्रेमी_७

इतका त्रास देण्यापेक्षा दूध पिणं बंद करा. प्रश्नच मिटेल.

माचीवरची

तुम्ही या एकदा आमच्याकडे, शेण काढू लागा, मग बोलू. धागा भरकटवू नका, विनंती.

म्हैसवाला_पन्हाळा

रबर मॅटचं मी सांगतो, कारण मी हात पोळून घेतलेत. तीन वर्षांपूर्वी स्वस्तातल्या मॅट घेतल्या, वरून गुळगुळीत. कोरड्या असताना ठीक, मुतानं भिजल्या की बर्फ. एक म्हैस फाकली, मागचे दोन्ही पाय दोन दिशांना. उठलीच नाही परत. दुसरं, मॅटखाली मूत साठतं. पंधरा दिवसांनी उचलून बघितलं तर डोळ्यातून पाणी आलं वासानं. नंतरच्या घेतल्या त्या वरून नक्षीच्या, खालून खाचा असलेल्या, आणि उतार करूनच टाकल्या. महाग पडल्या, पण टिकल्यात.

बाकी म्हशीचं बरं असतं, तिला चिखल म्हणजे माहेर.

वायकाटोकर

रबराबद्दल एक भर. स्वीडनमध्ये टेलेझेंको आणि बर्गस्टन यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या जमिनींवर गायी चालवून त्यांचे ठसे मोजले. फटींच्या काँक्रीटवर पाऊल आखूड पडतं, रबर टाकलं की लांब पडतं, आणि लंगडणाऱ्या गायींना मऊ जमिनीचा उपयोग आणखीच झाला. आखूड पाऊल म्हणजे गाय घाबरत चालतेय. आपण नाही का ओल्या मोरीत चालत, तसंच.

कृत्रिम_रेतन

अजून एक मुद्दा कुणी घेतला नाही. मी गावोगाव रेतनाला फिरतो. कोबावाल्या गोठ्यांत एकच तक्रार: "गाय माजच दाखवत नाही." अहो दाखवेल कशी? माजावरची गाय दुसरीवर उडते, आणि घसरायची भीती असेल तर उडत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये हे तपासलंय: त्याच गायी मातीवर असताना माज १४ तासांच्या आसपास दिसला, काँक्रीटवर ९ तासांच्या. आणि उड्या निम्म्याहून कमी. पाच तास गेले म्हणजे सकाळची नाहीतर संध्याकाळची फेरी गेली, म्हणजे २१ दिवस गेले. मग दोष माझ्या कांडीवर (रेताच्या नळीवर). दिवसातून दोनदा अर्धा तास तरी गायी मातीवर सोडा आणि तिथे उभं राहून बघा.

खिलार_आटपाडी

दोन दिवस विचार करतोय. मी गादी-उशी म्हणालो ते मागं घेतो.

आमच्याकडं बेंदराला बैलाची खुरं घासून रंगवत्यात. यंदा पोरगा खुरं घासत हुता आन् मला आठवलं, थोरला भाऊ ऊसतोडीला गाडी घेऊन जायचा. डांबरीवर जायच्या आधी बैलाला पत्री (लोखंडी नाल) मारायचाच. चार पायांना आठ पत्र्या, पत्री गळली की गाडी उभी. का? तर डांबरी खिलारच्या दगडी खुराला पण खाती. आज्याची गाय फरशीवर रातभर बांधलेली असायची, चालायची ती माळावर. फरशीवर नुसतं उभं राहणं आन् त्यावर चालणं, फिरणं, वळणं यात फरक हाय, ह्ये माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बैलाला पत्री मारतो आन् खरखरीत कोब्यावर हाकलेल्या गायीला अनवाणी ठेवतो.

पशुवैद्य

खिलार दादा, दंडवत. हे मला सुचलं नसतं.

कोयनाकाठ, फोडू नका. आधी वरचे टोकदार कण घालवा: एखादा जड काँक्रीटचा ठोकळा दोरीनं ट्रॅक्टरला बांधून सगळीकडे फिरवून घ्या, आडवा आणि उभा, मग भरपूर पाण्यानं दोन-तीनदा धुवा. नंतर फरशी कापायच्या कटरनं खाचा पाडा, बोटभर रुंद, एक सेंमी खोल, चार-पाच सेंमी अंतरावर, शेण ओढायच्या दिशेनं. खाचांच्या कडा घासायला विसरू नका. पृष्ठभाग सपाट पण खाच असलेला हवा. घसरण खाच थांबवते, खरखरीतपणाची गरजच नाही. खराटा मारणाऱ्या प्रत्येक गवंड्याला हे सांगायला हवं.

मग पक्कं तेवढंच वापरा जिथे गाय उभी राहते: गव्हाणीपुढे आणि पाण्याभोवती. बाकी मातीचं अंगण उतार देऊन, दोन भागांत. एक भाग वाळतो तोवर दुसरा वापरा. आणि पहिलारू कालवडीला कोब्याची ओळख व्यायच्या दोन महिने तरी आधी करून द्या. व्यायच्या सुमारास कमरेचे बंध सैल होतात तसे खुरातलं हाड धरून ठेवणारेही होतात. त्याच आठवड्यात जमीनही बदलली, नव्या थोरल्या गायीही भेटल्या, आंबोणही (खुराक) वाढलं, तर सगळा भार एकदम येतो.

आणि रोज एक करा: गायी पाण्यावर जाताना बाजूला उभे राहून फक्त पाठ बघा. उभी असताना पाठ सरळ आणि चालताना कमान, ही पहिली पायरी. उभ्यानंही कमान, ही दुसरी. लंगडणं त्याच्याही नंतर दिसतं.

पुणेरी_वाचक

परवा आमच्या गल्लीत फिरणाऱ्या गायीची पाठ बघत उभा होतो. दूधवाला म्हणाला, साहेब घ्यायची आहे का?

कोयनाकाठ (१९ नोव्हेंबर)

धागा वर काढतोय, कारण बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले.

ठोकळा फिरवला, खाचा पाडल्या. कटरचं काम किचकट आहे, अर्ध्यात पातं गेलं. गव्हाणीपुढे सहा फुटांच्या पट्टीत नक्षीच्या मॅट घातल्या, पन्हाळ्याच्या दादांनी सांगितल्या तशा. तेवढ्यालाच पैसे होते. शेडमागचं अर्धं अंगण पुन्हा मातीचं केलं, मुरूम टाकून त्यावर चाळलेली माती. कोबा आणि मातीच्या मधे वीतभर कड बांधली, वायकाटोची. गवंडी विचारत होता, ही कशाला? म्हटलं, चपला काढायला.

पाचांतल्या तिघी ऑगस्टअखेर नीट चालायला लागल्या. चौथीला वेळ लागला, ठोकळा दोनदा बदलावा लागला. पाचवी, आंब्याखाली झोपली होती ती बारकी, तिच्या तळव्यातून पू हाडापर्यंत गेला होता. नखी काढावी लागली. एका नखीवर चालते, दूध नऊ लिटर. ठेवलीय.

पावसात मातीच्या अंगणात चिखल झालाच, खोटं कशाला बोलू. पण चिखल असूनही गायी रात्री तिकडेच जाऊन बसायच्या, कोबा कोरडा असताना.

माचीवरची

त्या बारकीचं नाव काय?

कोयनाकाठ

आधी राणी होतं. आता पोरं तिला आंबी म्हणतात.